आवाज नंतर टाकू

पेणहून खाडीकडे येणारी रिक्षा आमच्या गावात जिथे थांबते, तिथेच विनेश म्हात्रेचं दुकान आहे. पाटीवर 'विनेश फोटो व्हिडिओ' असं लिहिलेलं, खाली दोन कबुतरं आणि मध्ये एक बदाम. कबुतरांचा रंग आता उडालाय. मिठागरावरची कारकुनी सुटल्यापासून मी सकाळी पेपर वाचायला तिथेच बसतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक फारसं नसतं, मला बोलायला फारसं जमत नाही, त्यामुळे आमचं दोघांचं बरं चालतं. तो मला नाना म्हणतो.

विनेशविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला ते येतं असं नाही. पण जे झालं त्यात मी त्याच्याबरोबर होतो, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

विनेशचे वडील आमच्याच मिठागरावर होते. विनेश शाळेतून सुटला आणि लग्नात हॅलोजनचा दिवा धरायला जाऊ लागला. कॅमेरावाला पुढे, हा मागे हात वर करून उभा. त्या उजेडात उभ्या उभ्याच तो कॅमेरा शिकला. पुढे त्याने स्वतःचा घेतला आणि आमच्या पट्ट्यातल्या आगऱ्यांच्या हळदी आणि लग्नं वर्षानुवर्षं त्यानेच घेतली. मंगळसूत्राचा क्षण त्याच्या हातून कधी सुटला नाही, हे लोक आजही सांगतात.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नंतर टाकू." दिवा गेला, चित्र काळं आलं, की म्हणायचा, "उजेड नंतर टाकू." नवऱ्याचे काका पनवेलला अडकले, तर "काकांचा फोटो नंतर टाकू." आणि आवाज तर त्याने नेहमीच नंतर टाकला. हळदीत डीजे, बेंजो, फटाके, पोरांच्या शिट्ट्या, जेवणावरून रुसलेली आत्या. तो गोंगाट कोण ऐकणार? सगळा पुसायचा आणि वर सिनेमातली गाणी चढवायची. लोकांनाही तेच हवं असायचं. कॅमेऱ्यात येणारा आवाज विनेशच्या लेखी कचरा होता.

मग पनवेलची पोरं ड्रोन घेऊन यायला लागली. नवरा-नवरीला किहीमच्या वाळूत धावायला लावून लग्नाआधीच व्हिडिओ करायला लागली. विनेश कुणाशी भांडला नाही. तो भांडतच नाही. दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढायचा आणि समोरच्या रिक्षा बघायचा.

अशात गावच्या शाळेतल्या अमिषा टीचर एके दिवशी दुकानात आल्या. जिल्ह्यात शाळांसाठी लघुपटांची स्पर्धा होती. मुलांना कॅमेरा कसा धरायचा, शॉट म्हणजे काय, अँगल म्हणजे काय, हे शिकवणारं कुणी हवं होतं.

"मी? शाळेत?" विनेश म्हणाला. "टीचर, मला त्याच शाळेतून हाकललाय."

"मग वर्ग माहीतच असेल तुम्हाला," टीचर म्हणाल्या.

पहिल्या दिवशी तो मला ओढून घेऊन गेला. कॅमेऱ्याचं स्टँड माझ्या हातात दिलं, म्हणजे मी कशाला आलो हे कुणी विचारू नये. नववीची पोरं. फळ्यावर त्याने काहीच लिहिलं नाही. बराच वेळ खडू हातात फिरवत उभा राहिला. मला वाटलं, आता हा परत फिरतो.

"हळद बघितलीय ना सगळ्यांनी?" तो एकदम म्हणाला.

पोरं हसली.

"मग सांगा. रस्त्यावरून मांडव दिसतो, माणसं दिसतात, पण नवरा कुठला ते कळत नाही. तो कुठला शॉट?"

"लांबचा!"

"लाँग शॉट. आता मांडवात आलात. नवरा कमरेपर्यंत दिसतो, बाजूला त्याची आई दिसते. तो मिड शॉट. आणि हळद लावणाऱ्या करवलीला काय दिसतं?"

"सर, तिला फक्त मोबाईल दिसतो," मागच्या बाकावरून चिराग म्हणाला.

"गप रे. तिला नुसता गाल दिसतो. गालावरचा तीळ दिसतो. तो क्लोजअप. बरं, नवऱ्याच्या पायाशी बारकं पोर बसलंय, त्याला नवरा कसा दिसतो?"

"डोंगराएवढा!"

"तो लो अँगल. आणि गच्चीवरून वाकून बघणाऱ्या पोरींना?"

"बेडकाएवढा!"

"हाय अँगल."

तासभर वर्ग नुसता खिदळत होता, आणि शेवटी प्रत्येकाला सगळं पाठ झालं होतं. निघताना त्याने एक सांगितलं, ते मला अजून आठवतं. ज्याला मोठं करायचंय त्याला खालून घ्या. ज्याची कीव करायचीय त्याला वरून घ्या. आणि ज्याचं ऐकायचंय त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांएवढं खाली, मांडी घालून बसा.

त्यानंतर दर शनिवारी वर्ग भरू लागला. पोरं बांधावर जाऊन लाँग शॉट घ्यायची. गणपतीच्या मखरातून उरलेले थर्माकोलचे पत्रे उन्हात धरून एकमेकांच्या तोंडावर उजेड पाडायची. विनेशला गावातली पोरं 'सर' म्हणू लागली. तो दाढी करून दुकानात यायला लागला.

वर्गात प्राप्ती नावाची मुलगी होती. बारीक, अबोल, पण हात इतका स्थिर की विनेशने स्टँड काढून कॅमेरा तिच्या हातात दिला तरी चित्र हलत नसे. ती वेणूबाईची नात.

वेणूबाई आमच्या गावची धवलारीण. आमच्या लोकांत लग्नाला भटजी लागतो तशी धवलारीणही लागते. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला तिने मांडवात बसून गाणं म्हणायचं, त्याला धवला म्हणतात. तिचा धवला झाल्याशिवाय हळद चढत नाही. वेणूबाईला हे सगळं तिच्या सासूकडून तोंडी आलेलं. तिला लिहिता-वाचता येत नाही आणि ते लिहून ठेवावं असं कुणाला सुचलंही नाही. तिच्यामागे गावात दुसरी कुणी नव्हती. प्राप्तीला दोन-चार ओळी यायच्या, पण शाळा, क्लास, परीक्षा यात शिकायचं राहून गेलं होतं.

दिवाळीच्या थोडं आधी वेणूबाईचा मुलगा दत्तात्रेय दुकानात आला. ट्रक चालवतो, एरवी मोठ्याने बोलणारा माणूस. त्या दिवशी आत येऊन बसला आणि टेबलावरची कात्री उघडत-मिटत राहिला.

वेणूबाईचा आवाज पावसाळ्यापासून घोगरा झाला होता, ते गावाला माहीत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की घशात गाठ आहे, वाईट आहे, आणि ती काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही.

"डॉक्टर बोलले, आईला नीट समजवून सांगा," दत्तात्रेय म्हणाला. "मी हो बोललो. पन माझ्याच्यान न्हाय झाला. गाठ काढनार, एवढाच सांगितलाय. आवाज जानार हे कलला तर ती जायचीच न्हाय. मरेन पन गला देनार न्हाय, बोलेल."

विनेशने त्याच्या हातातली कात्री काढून बाजूला ठेवली.

"हर्षदचं लगीन माघात हाय," दत्तात्रेय म्हणाला. हर्षद त्याचा मोठा मुलगा, प्राप्तीचा भाऊ. "नातवाच्या लग्नात तिचा धवला पायजे. तू ती पोरांची फिल्लम करतस ना, त्यात तिला घे. आवाज तेवढा धरून ठेव. मग आपन तो लग्नात लावू. एवढा कर विनेश."

"करतो," विनेश म्हणाला. "काळजी नको करू. करतो मी."

इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुणी पहिल्यांदाच आवाज मागितला होता.

आम्ही वेणूबाईकडे गेलो. ती ओट्यावर बसून सुकट निवडत होती. शाळेच्या फिल्मसाठी धवला म्हणायचा, असं प्राप्तीने सांगितलं.

"कुनाचं लगीन?"

"कुणाचं नाही आजी. शाळेतली मुलं नवरा-नवरी होतील."

"खोटा नवरा, खोटी नवरी, आनि मी खरा धवला म्हनू?" ती म्हणाली. "न्हाय बाय. धवला म्हनला का देव येतो बघायला. त्याला काय सांगू, पोरं खेलतान?"

विनेशने बरंच समजावलं. ती ऐकेना. शेवटी तिनेच वाट काढली. अंगणातल्या तुळशीचं लग्न दिवाळीनंतर होतंच. दरवर्षी ती त्याला धवला म्हणायची. ते लग्न खरं. तेव्हा या.

दवाखान्यात जायची तारीख तुळशीच्या लग्नानंतर लगेचची होती. म्हणजे एकच संधी. पण ते तिला सांगता येत नव्हतं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी विनेशने केली तेवढी तयारी मी कुणाची पाहिली नाही. दुपारीच पोरांना घेऊन आला. कुठून कुठला शॉट, हे खडूने अंगणात आखून दिलं. पनवेलच्या मुलाकडून एक कॅमेरा मागून आणला होता, तो चिरागकडे, बांधावरून लाँग शॉट घ्यायला. स्वतःचा कॅमेरा प्राप्तीकडे. दोन्ही कॅमेरे स्वतः बघून, पुसून दिले. गावातल्या बायका जमल्या तेव्हा त्याने सूप फिरवलं आणि सगळ्यांचे मोबाईल बंद करून त्यात घालायला लावले. अमिषा टीचरांचासुद्धा.

"एकाची रिंग वाजली तर तुळशीचं लग्न परत लावता येणार नाही," तो म्हणाला.

सूप मोबाईलने भरलं आणि आत देव्हाऱ्याजवळ नेऊन ठेवलं.

उसाचा मांडव, झेंडू, आवळा, चिंच, पणत्या. वेणूबाई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. प्राप्ती तिच्यासमोर मांडी घालून बसली, कॅमेरा बरोबर आजीच्या डोळ्यांएवढा.

"आता कशी शानी झालीस," वेणूबाई म्हणाली. मग विनेशकडे वळली. "हा मेला इतकी वरसं मना उभ्यानंच घेतो. वरून वाकून. मी काय इहीर हाय?"

बायका हसल्या. विनेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मग ती गायली. आवाज घोगरा होता, मध्येच खरखर यायची, पण ओळ सुटली नाही. सुरुवातीला बकरीने मांडवाचा ऊस ओढला आणि चिराग तिला हाकलायला धावला, तेवढाच एक शॉट गेला. एरवी अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. हळदीचा धवला, तेलाचा, पाणी आणायचा, मांडवाचा. तुळशीला एवढं सगळं लागत नाही. पण त्या दिवशी का कोण जाणे, ती थांबेना. दत्तात्रेय भिंतीला टेकून उभा होता, तो आत निघून गेला.

संपल्यावर विनेशने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र लावून बघितलं. मीही वाकून पाहिलं. वेणूबाईचा चेहरा, पणतीचा उजेड, ओठ, कपाळावरचं गोंदण. सगळं सुंदर आलं होतं.

"काका, आवाज?" प्राप्ती म्हणाली.

"त्याचा स्पीकर गेलाय गं. खाडीच्या हवेने मीठ धरलंय त्याला. कंप्युटरवर येईल."

"आणि चिरागच्यात?"

"चिराग लांब होता, बांधावर. त्याच्यात काय येणार, वारा." तो हसला. "आहे गं सगळं यात. घाबरू नको."

वेणूबाईला मुंबईला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या कंप्युटरवर चित्र चढवलं. पोरं गोल करून उभी. वेणूबाई पडद्यावर आली, हात जोडले, ओठ हलायला लागले. विनेशने आवाजाचा खुंटा फिरवला. अजून फिरवला. दुसरी फाईल लावली, तिसरी लावली. चिराग धावत जाऊन टीचरांच्या खोलीतले दुसरे स्पीकर घेऊन आला. त्यातूनही काही नाही. चिरागच्या फाईलींत नुसता वारा.

मग विनेशने कॅमेरा हातात घेतला आणि त्याच्या आतली यादी एक-एक उघडत गेला. कुठेतरी खोलात आवाजाचं पान होतं. त्यावर 'बंद' अशी खूण होती. कॅसेटीचा जुना कॅमेरा टाकून हा घेतला तेव्हाच, कितीतरी वर्षांपूर्वी, त्याने स्वतःच ती केलेली. कचरा कशाला साठवायचा म्हणून. असं काही बटण आहे हेसुद्धा तो विसरला होता.

तो खाली बाकावर बसला. पोरं एकेक करून बाहेर गेली. चिरागने जाताना स्पीकरची वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

"सर, अजून ऑपरेशन झालं नाही ना?" अमिषा टीचर म्हणाल्या. "उद्या आहे."

आम्ही संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत मुंबईच्या दवाखान्यात पोहोचलो. विनेश, मी आणि प्राप्ती. विनेशच्या खिशात टीचरांचा मोबाईल होता. वाटेत त्याने तो तीनदा चालू करून स्वतःचाच आवाज भरून बघितला.

वॉर्डात वेणूबाई खाटेवर बसली होती, केस बांधून, तोंड धुऊन, कुठे पाहुणी आल्यासारखी. दत्तात्रेय तिच्याबरोबर होता.

"तू कशाला आलास रं इकडं? नानाला पन घेऊन आलास."

"मावशी," विनेश म्हणाला, "आवाज नाही आला."

"कसला?"

"धवल्याचा. चित्र आलं. आवाज नाही आला. माझ्या हातून बंद राहिला."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली. हसताना खोकला आला.

"एवढ्यासाठी मुंबईला आलास? येडा रं तू. माझा गला पलून चाललाय का कुठं? हर्षदच्या लग्नात म्हनायचाच हाय. तेव्हा घे किती घ्यायचा तो."

विनेशने दत्तात्रेयकडे बघितलं. दत्तात्रेय खिडकीतून बाहेर बघत होता.

"आताच म्हणा ना मावशी. हळू. थोडासाच. यात घेतो." त्याने मोबाईल पुढे केला.

"इथं?" वेणूबाईने आजूबाजूला पाहिलं. "इथं कुनाचं लगीन हाय? मांडव न्हाय, हलद न्हाय. त्या बाईकडं बघ, कालपासून नुसती कन्हतेय. तिच्या उशाशी बसून धवला म्हनू? तिच्या घरच्यांना काय वाटेल?"

"आजी, माझ्यासाठी," प्राप्ती म्हणाली.

"तुझ्यासाठी तुझ्या लग्नात म्हनेन गं बाय. घाई झाली का तुला?" आणि ती बाजूच्या खाटेवरच्या बाईकडे बघून म्हणाली, "नात माझी. नववीत हाय, लग्नाची घाई."

विनेशचं तोंड उघडलं. मला दिसत होतं की तो आता बोलणार. वेणूबाईच्या मागे दत्तात्रेय उभा होता. त्याने दोन्ही हात जोडले आणि नुसतं डोकं हलवलं, नको, नको. प्राप्तीने ओढणी तोंडाशी धरली होती. मी काहीतरी म्हणायला हवं होतं का, हे मला अजून कळत नाही. आणि म्हणायचं तरी काय होतं? तिला खरं सांगितलं तर ती खाटेवरून उतरून घरी यायची. न सांगितलं तर ती गाणार नव्हती.

"बरं मावशी," विनेश म्हणाला. "लग्नात घेऊ."

"आन तवा बटन बघ नीट," ती म्हणाली.

नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली.

परत येताना पेणला उतरल्यावर विनेश मला म्हणाला, "नाना, इतक्या वर्षांत कुठेतरी असेल. मी तिला शंभर लग्नांत घेतलंय."

त्यानंतर त्याने दुकानातलं सगळं बाहेर काढलं. कॅसेटी, सीड्या, कुणी न नेलेले अल्बम. जुनं यंत्र कुठून तरी दुरुस्त करून आणलं. मी रोज त्याच्याजवळ बसायचो. वेणूबाई तरुण दिसायची, मग केस पिकलेली, मग तरुण. प्रत्येक लग्नात ती होती, वरून घेतलेली, पाटावर बसून ओठ हलवणारी. आणि प्रत्येक वेळी वर सिनेमातलं गाणं. मूळ कॅसेटी त्याने पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरल्या होत्या. गावातल्या मोबाईलमधले व्हिडिओ प्राप्तीने गोळा केले, त्यांत नुसता डीजे. तिच्या बोलण्याचे तुकडे होते, कुणाला तरी ओरडताना, जेवायला हाक मारताना. गाणं नव्हतं.

कॅसेटीच्या काळातल्या एका लग्नात एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मध्ये थोडी फट राहिली होती. त्याच्याकडून पुसायचं राहिलेलं. त्या फटीतून वेणूबाईची अर्धी ओळ ऐकू आली, खणखणीत, आणि लगेच ढोलक सुरू झाला. विनेशने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग प्राप्तीला बोलावून ऐकवलं. तिने मोबाईलमध्ये भरून घेतलं आणि घरी गेली.

वेणूबाई घरी आली तेव्हा गळ्यात नळी होती आणि वर पांढरा पातळ रुमाल. आम्ही भेटायला गेलो. तिने विनेशकडे पाहिलं. आम्ही मुंबईला धावत का आलो होतो ते तिला आता कळलं होतं, तिच्या डोळ्यांत ते सरळ दिसत होतं. ती रागावली नाही. नुसता उजवा हात उताणा करून त्याच्यासमोर धरला. बोलला का नाहीस, एवढंच. विनेश पायरीवर उभा राहिला, आत गेला नाही. दत्तात्रेय चहा घेऊन आला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. बरेच दिवस ती त्याच्या हातचं काही घेत नव्हती.

फिल्म पाठवायची तारीख आली. अमिषा टीचर म्हणाल्या, दुसऱ्या गावच्या धवलारणीकडून म्हणवून घेऊ आणि चित्रावर चढवू. "नंतर टाकता येतं ना सर?"

"येतं," विनेश म्हणाला. "पण नाही टाकायचा, टीचर."

फिल्म तशीच गेली, मुकी. स्पर्धेतून कळवलं की कॅमेऱ्याचं काम चांगलं आहे, ध्वनीकडे लक्ष द्यावं.

त्याआधी ती वेणूबाईच्या घरी टीव्हीवर लावली होती. तुळशीच्या लग्नाला होत्या त्याच बायका आल्या. सुरुवातीला सगळ्या गप्प बसल्या. मग प्राप्तीने घेतलेला क्लोजअप आला, टीव्हीभर आजीचे ओठ, आणि शेजारची रंगूबाई त्यांच्याकडे बघत हळूच एक ओळ म्हणायला लागली. दुसरी म्हणाली, असं न्हाय, तसं हाय. तिसरीने तिसरंच म्हटलं. प्राप्ती वही घेऊन पुढे बसली. "आजी, कुठलं बरोबर?"

वेणूबाईने हात हलवला. हे न्हाय.

"मग हे?"

हे पण न्हाय.

ती ओठ हलवून दाखवायला लागली. समोर टीव्हीवर तिचेच ओठ हलत होते आणि इथे खाली हे ओठ, दोन्हींतून काहीच येत नव्हतं. बायका अंदाज करत राहिल्या. ती मान हलवत राहिली, मग मांडीवर हात आपटू लागली, मग तिने पदर डोळ्यांवर घेतला. रंगूबाईने उठून टीव्ही बंद केला.

वहीत प्राप्तीच्या थोड्या ओळी जमल्या आहेत. त्यांतल्या कुठल्या बरोबर, हे एकाच माणसाला माहीत आहे.

हर्षदची हळद माघात झाली. बाहेरगावची धवलारीण बोलावली होती. चांगली होती, पण तिचे धवले वेगळे, चाल वेगळी. वेणूबाईने तिला स्वतः पाट दिला आणि शेजारी दुसऱ्या पाटावर बसली. व्हिडिओचं काम पनवेलच्या पोरांना दिलं होतं, ड्रोन वरून फिरत होता. विनेशला कुणी बोलावलं नव्हतं असं नाही, पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो स्वतःचा कॅमेरा घेऊन आला. कानांवर मोठे हेडफोन होते, नवीन. मी ते त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते.

तो वेणूबाईसमोर जाऊन खाली मांडी घालून बसला. कॅमेरा तिच्या डोळ्यांएवढा धरला. बाजूला धवलारीण गात होती, पण त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला नाही. वेणूबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि बोटाने कॅमेऱ्याच्या कडेला दाबल्याची खूण केली. बटन.

त्याने मान हलवली. चालू आहे.

बराच वेळ तो तसाच बसला होता. मग मागे न बघता त्याने हेडफोन काढले आणि माझ्याकडे दिले. मी कानाला लावले. त्यात सगळंच होतं, बाहेरचा बेंजो, धवलारणीचा आवाज, भांडी. आणि त्या सगळ्याच्या जवळ, अगदी कानात, नळीतून येणारा श्वास. आत, बाहेर. धवलारीण ओळ उचलायची तिथे तो श्वास वर चढायचा. पण ओळी वेगळ्या होत्या, त्यामुळे मध्येच कुठेतरी चुकायचा आणि थांबायचा.

"काय येतंय?" विनेशने हळूच विचारलं.

मी हेडफोन परत त्याच्या कानांवर चढवले.

एवढ्यात दत्तात्रेय आला आणि म्हणाला, "विनेश, राहू दे रं आता, जेवायला चल. तिचा काय घेतोस?"

विनेशने तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प बसायची खूण केली आणि कॅमेरा चालूच ठेवला.